उलट्या टोकांचे धनुष्य : मामा-भाच्याचा संवाद

ज्या धनुष्याच्या भुजांची टोके धनुर्धराकडे न वळता लक्ष्याच्या दिशेला वळलेली असतात, ते रिकर्व्ह धनुष्य. मेळघाटातले कोरकू किंवा सातपुड्यातले भिल्ल यांचा तिरकामठा याहून वेगळा असतो. तो बांबूच्या एकाच चिरीचा असतो आणि दोरी चढवली की या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा वाकतो. रिकर्व्हला दोरी चढवल्यावरही टोके बाहेर वळलेलीच राहतात आणि दोरीचा शेवटचा थोडा भाग भुजांवर टेकून असतो. या धनुष्याचे सगळे गुण आणि बरेचसे दोष या टेकलेल्या दोरीतून येतात.

मैदानावर आज या कुळातली दोन धनुष्ये दिसतात. एक ऑलिंपिकचे. त्याचा मधला मुठीचा भाग, म्हणजे रायझर, धातूचा असतो, भुजा कार्बनच्या असतात आणि नेम धरण्याचे यंत्र, तोल सांभाळणाऱ्या लांब दांड्या, बाण पुरता ओढल्यावर टिचकी देणारी पट्टी असा सरंजाम त्यावर चढवलेला असतो. दुसरे साधे, लाकडी रायझरचे, काचतंतूचा थर दिलेल्या भुजांचे, अंगावर काहीही न चढवलेले. यांच्या बाजूला चाकांचे कंपाउंड धनुष्य उभे आहे आणि गावपातळीवर इंडियन राउंड या स्पर्धाप्रकाराचे बांबूचे धनुष्य. या चौघांत साध्या लाकडी रिकर्व्हकडे सर्वांत कमी लक्ष जाते. प्रशिक्षक त्याला नवशिक्याचे खेळणे म्हणतात, पालक त्याला अर्धवट वस्तू समजतात.

ही उपेक्षा योग्य की अयोग्य, याचे दोन पक्ष अमरावतीजवळच्या भातकुलीतल्या एका मामा-भाच्याच्या तोंडून मांडता येतात. मामा निवृत्त क्रीडाशिक्षक, साध्या रिकर्व्हच्या बाजूचे. भाचा अमरावतीत कंपाउंड चालवणारा, पदकांचा हिशेब पक्का ठेवणारा.

भाच्याचा पहिला मुद्दा निकालाचा आहे. "मामा, महाराष्ट्राला जगात नाव कोणी मिळवून दिलं? 2023 मध्ये बर्लिनला अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तिथंच आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत दीडशेपैकी दीडशे गुण घेतले. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई खेळात त्याला तीन सुवर्णपदकं मिळाली. दोघंही कंपाउंडचे, दोघंही साताऱ्यात शिकलेले. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आली. मग भातकुलीच्या पोराच्या हातात लाकडाचं धनुष्य काहून द्यायचं?"

मामा पदकांना नाकारत नाहीत. ते क्रम विचारतात. "प्रवीण जाधव कुठं शिकला, सांग. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या मजुराचा पोरगा. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत निवडला गेला आणि धनुर्विद्या शिकायला आपल्या अमरावतीत आला. 2019 च्या जागतिक स्पर्धेत अतनू दास आणि तरुणदीप राय यांच्यासोबत त्यानं सांघिक रौप्य जिंकलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये तो रिकर्व्हवर खेळला आणि पात्रता फेरीत भारतीय पुरुषांत सगळ्यांत पुढं राहिला. त्याआधीचा लिंबा राम घे. राजस्थानातल्या आदिवासी पाड्यावर बांबूच्या धनुष्यानं पाखरं टिपत वाढला. 1992 च्या आशियाई स्पर्धेत 30 मीटरवर 360 पैकी 358 गुण घेऊन त्यानं जागतिक विक्रमाची बरोबरी केली. ही माणसं साध्या धनुष्यावर घडली. यंत्र नंतर आलं."

"पण नंतर यंत्रच आलं ना?" भाचा विचारतो. "टोकियोत प्रवीणच्या हातात लाकूड नव्हतं. तुम्ही ऑलिंपिकच्या रिकर्व्हची पुण्याई या साध्या धनुष्याच्या नावावर लिहिता."

हा आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर दोन्ही धनुष्यांत सामायिक काय ते पाहावे लागते, आणि ते दोरी व भुजा यांच्या नात्यात आहे. धनुष्य ओढताना भुजांत शक्ती साठते आणि बाण सोडल्यावर ती बाणात उतरते. किती शक्ती साठली, हे केवळ शेवटच्या ताणावरून ठरत नाही. ओढण्याच्या पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत किती जोर लागत गेला, त्या सगळ्याची बेरीज धरावी लागते. सरळ बांबूत सुरुवातीला जोर कमी लागतो आणि शेवटी तो अंगावर येतो. रिकर्व्हमध्ये दोरी टोकांवर टेकलेली असल्याने सुरुवातीला ती जणू आखूड असते. म्हणून पहिल्या इंचांतच जोर भरतो. पुढे दोरी भुजांवरून सुटत जाते, टोके तरफेसारखी उघडतात आणि शेवटचे इंच तुलनेने मऊ जातात. शेवटचा ताण तितकाच असला तरी साठलेली शक्ती जास्त असते, आणि हनुवटीपाशी हात धरून ठेवणे सुसह्य होते. बाण सुटताना दोरी पुन्हा टोकांवर येऊन टेकते. म्हणून रिकर्व्हचा टणत्कार बांबूपेक्षा मोठा असतो.

ही रचना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची अशी धनुष्ये सांगितली आहेत. दोऱ्यांच्या यादीत रुई, ताग, बांबूची साल आणि स्नायू आहेत. मोगल आणि मराठा काळातली कमान याच शिंगाच्या कुळातली. तिच्या पोटाच्या बाजूला म्हशीचे शिंग, कारण शिंग दाब सोसते. पाठीला जनावराचे स्नायू, कारण स्नायू ताण सोसतात. मधे लाकडाचा गाभा. आणि हे सारे सरसाने चिकटवलेले. अशी कमान तयार व्हायला कित्येक महिने लागत. दोरी उतरवली की ती उलट्या बाजूला वळून जाई. तिचा शत्रू एकच, पावसाळा. दमट हवेत सरस आणि स्नायू सैलावतात. हिंदुस्थानात पोलादी कमानी बनल्या, त्यामागे हेही एक कारण होते. आजचा काचतंतूचा थर ही शिंग-स्नायूंची जागा घेणारी वस्तू आहे, आणि ती पावसाला भीत नाही. जुन्या कमानीची ताकद आणि आजची टिकाऊ बांधणी, दोन्ही साध्या लाकडी रिकर्व्हमध्ये एकत्र आल्या आहेत. एवढ्यावरूनही त्याला खेळणे म्हणणे चूक ठरते.

मामांना इथे गावाचा अभिमान आवरत नाही. "भातकुली म्हणजे जुनं भोजकट, असं इतिहासाचे जाणकार मानतात. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मकच्या ताम्रपटात भोजकट राज्याचं नाव आहे. महाभारत म्हणतं, रुक्मिणीहरणाच्या वेळी कृष्णाकडून हरलेला तिचा भाऊ रुक्मी कुंडिनपुराला परत गेलाच नाही. जिथं हरला तिथं त्यानं भोजकट वसवलं. त्याच्याजवळ विजय नावाचं दिव्य धनुष्य होतं. म्हणजे ज्या गावाच्या मूळ पुरुषाची ओळखच धनुष्यानं होते, त्या गावात आज शाळेच्या कपाटात एक धनुष्य सापडत नाही."

"रुक्मीचं पुढचंही सांगा, मामा. एवढं धनुष्य असून बढाई मारली म्हणून पांडवांनी त्याला नाकारलं आणि कौरवांनीही. भारतीय युद्धात तो लढलाच नाही. धनुष्य जवळ असणं आणि ते कामाला येणं यात फरक आहे." भाचा हे गंभीरपणेच म्हणतो, आणि वाद पुन्हा आजच्या मैदानावर येतो.

कंपाउंडची बाजू तांत्रिकदृष्ट्या भक्कम आहे. अमेरिकेतल्या मिसूरीच्या होलेस विल्बर ॲलन यांना 1969 मध्ये या धनुष्याचे पेटंट मिळाले. भुजांच्या टोकांना असलेली विषम आकाराची चाके ओढण्याच्या शेवटी बहुतेक भार स्वतःवर घेतात. 50 पौंडांचे कंपाउंड पूर्ण ओढल्यावर हाताला 10 ते 15 पौंडच जाणवते. धनुर्धर शांतपणे नेम धरू शकतो, दोरी बोटांनी न सोडता खटक्याने सोडतो, आणि बाण रिकर्व्हपेक्षा कितीतरी वेगाने, म्हणून कितीतरी सपाट जातो. याच कारणाने स्पर्धेत कंपाउंडचे लक्ष्य 50 मीटरवर आणि 80 सेंटिमीटरचे, तर ऑलिंपिक रिकर्व्हचे 70 मीटरवर आणि 122 सेंटिमीटरचे असते.

"सहा महिन्यांत पोरगं दहात बाण घालतं," भाचा म्हणतो. "साध्या रिकर्व्हवर वर्षभर ते लक्ष्याच्या लाल-निळ्या कड्यांत भटकतं आणि कंटाळून क्रिकेटला जातं. शिवाय आपल्या राष्ट्रीय स्पर्धा इंडियन राउंड, रिकर्व्ह आणि कंपाउंड याच गटांत होतात. साधन न लावलेल्या धनुष्याला, ज्याला बेअरबो म्हणतात, तिथं जागा कुठं? सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. शेतकऱ्याच्या घरात हा हिशेब आधी होतो, बाप्पा."

मामांचे उत्तर दुरुस्तीपासून सुरू होते, आणि संबंध संवादातला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. कंपाउंडची दोरी बदलायची तर भुजा दाबून धरणारे खास यंत्र लागते. चाकांचा मेळ थोडा बिघडला तर बाण भरकटतो, आणि तो मेळ जमवणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळत नाही. साध्या रिकर्व्हची दोरी दोन खिळ्यांच्या फळीवर घरी वळता येते. भुजा दोन बोल्टांवर बसतात आणि वेगळ्या काढता येतात. मुलाचे वय आणि ताकद वाढली की रायझर तोच ठेवून फक्त भुजांची जोडी बदलायची. 14 पौंडांवर सुरू झालेला मुलगा चार वर्षांत 28 पौंडांवर जातो, आणि उतरवलेली भुजा पुढच्या मुलाच्या कामी येते. भुजा डाव्या-उजव्या दोघांनाही चालतात. वेगळा लागतो तो फक्त रायझर.

"आणि तू म्हणतोस ते लाल-निळ्यात भटकणं," मामा पुढे सांगतात, "ते फुकट जात नाही. नेमाचं यंत्र नसलं की बाण का चुकला याचं कारण पोराला स्वतःच्या अंगात शोधावं लागतं. कोपर खाली आला का, दोरी दर वेळी गालाला एकाच जागी टेकली का, बोटं सुटली की उघडली. हे अंगात भिनलं की मग त्याला कंपाउंड दे नाहीतर ऑलिंपिकचं दे. उलटा प्रवास अवघड आहे. खटक्याची सवय लागलेलं पोरगं बोटांवर आलं की पुन्हा पहिलीत बसतं."

भाचा हे अर्धेच मान्य करतो. त्याच्या मते शिस्त कोणत्याही धनुष्यावर लागते, ती लावणारा शिक्षक हवा. हेही खरे आहे. पण शिक्षक रोज मैदानावर हजर नसेल, आणि खेड्यात तो रोज नसतोच, तर चूक लपवणाऱ्या धनुष्यापेक्षा चूक दाखवणारे धनुष्य मुलाला अधिक शिकवते. इथे मामांचा पक्ष सरस ठरतो.

बेअरबोच्या जागेबद्दलही भाच्याचे म्हणणे देशापुरते बरोबर आहे, जगापुरते नाही. जागतिक फील्ड धनुर्विद्या स्पर्धेत बेअरबो हा स्वतंत्र गट आहे. नियम सोपा आहे: दोरी उतरवलेले धनुष्य 12.2 सेंटिमीटर व्यासाच्या कड्यातून आरपार गेले पाहिजे, म्हणजे त्याला लांब दांड्या लावता येणार नाहीत. आणि नेमाचे यंत्र चालत नाही. बेअरबो धनुर्धर दोरीवर बोटे खालीवर सरकवून अंतराचा हिशेब जमवतो. ही विद्या शिकायला बाणाच्या टोकाकडे पाहत राहण्याखेरीज काही लागत नाही.

शिकारीचा मुद्दा भाचाच काढतो, आणि तो वऱ्हाडात निघणारच असतो. "गावातले लोक मला विचारतात, मामा. रोही आणि रानडुकरं तूर-हरभरा झोपवून जातात. परदेशात अशाच रिकर्व्हनं हरणं मारतात म्हणे. मग हे धनुष्य शेताच्या राखणीला का नको?"

मामा इथे ठाम आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. शिकारीचा प्रयत्न, सापळा लावणे, जनावराला जखमी करणे हेही त्या कायद्यात शिकारच धरले जाते. 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे कितीतरी पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. मेळघाट 1974 मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला, तेव्हापासून कोरकूंच्या तिरकामठ्याचे जंगलातले काम संपत गेले. रोही आणि डुकरे उभे पीक खातात हे दुःख खरे; त्यासाठी नुकसानभरपाई आणि वनखात्याची रीतसर वाट आहे, धनुष्य नाही. साध्या रिकर्व्हचा बाण रोह्यासारख्या मोठ्या जनावराला अनेकदा नुसता घायाळ करून सोडतो, आणि ते जनावर दिवसदिवस तडफडते. कायदा नसता तरी हे करू नये.

तरीही शिकारीने या धनुष्याला जो आकार दिला तो समजून घेण्यासारखा आहे. 1911 मध्ये कॅलिफोर्नियात ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस इशी जगासमोर आला. त्याच्याकडून सॅक्स्टन पोप या डॉक्टरने धनुष्य शिकून घेतले आणि 1923 मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले. अमेरिकेतले धनुष्याचे पुनरुज्जीवन तिथून जोर धरते. पुढे मिशिगनच्या फ्रेड बेअर यांनी काचतंतूच्या थराची लाकडी रिकर्व्ह कारखान्यात बनवून सामान्य माणसाच्या हातात दिली. जंगलात अंतर मोजलेले नसते, जनावर क्षणभरच दिसते आणि बाण वीसेक मीटरच्या आतूनच सोडायचा असतो. म्हणून हे धनुष्य आखूड, हलके, झुडपात न अडकणारे झाले. बाण रायझरच्या कट्ट्यावरूनच सुटतो, त्यामुळे त्याला प्लॅस्टिकऐवजी खरी पिसे लावतात. पीस कट्ट्याला घासताना दबते आणि बाण भरकटत नाही. अनोळखी अंतरावर चटकन नेम साधण्याचे हे कौशल्य आज रबरी प्राण्यांच्या पुतळ्यांवर खेळल्या जाणाऱ्या थ्री-डी स्पर्धांत जिवंत आहे. तिथे एकही जीव जात नाही.

भातकुलीसाठी काही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात. हा खारपाणपट्टा, जमीन काळी, सपाट, उन्हाळ्यात भेगाळणारी. लक्ष्यामागे आडोसा नसेल तर चुकलेला बाण भेगेत नाहीतर पराटीत हरवतो. लक्ष्य महागडे नको. बारदान्यात चिंध्या आणि वाया गेलेला कापूस घट्ट ठासला की हलक्या धनुष्याचा बाण तिथे अडतो, आणि कापूस तर वऱ्हाडात कमी नाही. मामा उन्हाबद्दल विशेष बजावतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो. बंद गाडीत ठेवलेल्या धनुष्याच्या भुजांचे थर सुटतात. धनुष्य टोकावर भिंतीला टेकवून ठेवू नये, भुजा पिळवटतात. दोरी चढवताना पायात अडकवून वाकवू नये. त्यासाठी दोराची साधी चढवणी मिळते. आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये, कारण बाणात जायची शक्ती मग भुजांतच फुटते.

भाच्याचा शेवटचा प्रश्न खर्चाचा आहे, आणि तो मामांच्याच बाजूला झुकतो. ऑलिंपिक दर्जाचा रिकर्व्हचा पूर्ण संच लाखाच्या पुढे जातो. चांगले कंपाउंडही खटका, नेमाचे यंत्र आणि बाण धरून फार मागे राहत नाही. साध्या रिकर्व्हचा खर्च या दोन्हींच्या लहानशा हिश्श्यात भागतो. "मग बांबूच का नको?" तो विचारतो. "इंडियन राउंडला बांबू चालतो, बांबू मेळघाटात आहे, लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्रही आहे. तुमचं लाकूड मधल्या मधे लटकतं."

"बांबू हवाच," मामा म्हणतात. "पण इंडियन राउंड 50 मीटरपर्यंतचा खेळ आहे. तिथून पोरगं पुढं गेलं की त्याला एकदम लाखाचं धनुष्य लागतं, आणि इथंच आपली पोरं गळतात. बांबू आणि लाख यांच्या मधल्या पायरीवर उभं राहायला काहीतरी हवं ना? तेच हे. 1914 पासून अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे. त्यांच्या लोकांनी 1936 मध्ये बर्लिनला देशी खेळ दाखवले. कसरतीची परंपरा आपल्याला कमी नाही. मधली पायरी तेवढी बांधायची राहिली."

भाचा कंपाउंड सोडत नाही, आणि त्याने ते सोडण्याचे कारणही नाही. मोठ्या स्पर्धेसाठी तयार झालेल्या खेळाडूने आपले धनुष्य स्पर्धेप्रमाणे निवडावे. वाद उरतो तो पहिल्या तीन-चार वर्षांचा, आणि तिथे साधे रिकर्व्ह पुढे आहे. भातकुली तालुक्यातल्या ज्या शाळेला धनुर्विद्या सुरू करायची आहे, तिने दोन लाकडी रायझर घ्यावेत, एक उजव्या हाताचा आणि एक डाव्या. त्यांना बसणाऱ्या 14, 18 आणि 24 पौंडांच्या भुजांच्या जोड्या घ्याव्यात आणि मुलाचा कोणता डोळा प्रबळ आहे ते पाहून हात ठरवावा. भुजांवर लिहिलेला भार 28 इंच ओढीचा असतो. लहान मुलाची ओढ त्याहून आखूड असल्याने त्याला भार कमीच लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला 18 पौंडांच्या वरचे धनुष्य पहिल्या वर्षी देऊ नये. जोर लावून ओढलेल्या धनुष्यावर लागलेली चुकीची सवय पुढे मोडायला, ते धनुष्य विकत घेण्यापेक्षा जास्त किंमत पडते.